तंजावरचे सरफोजी महाराज : एका वादग्रस्त वारशाची कथा

वारसा हा शब्द आपल्या घराघरांतून परिचयाचा आहे. देवघरातील टाक, जुन्या पेटीतील मोडी कागद, वतनाची सनद, वाटणीपत्र, क्वचित एखादे दत्तकपत्र, अशा नाना रूपांनी तो आपल्यापर्यंत आलेला असतो. त्याबरोबरच भाऊबंदकीही येते, हे कबूल करावयास संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्या घराच्या पेटीत तंट्याचा एकही कागद नाही असे जुने घराणे विरळाच. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक विषय निवडताना रणांगणावरील पराक्रमाऐवजी एका दत्तक पुत्राची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी असे वाटले. हा पुत्र राजघराण्यात दत्तक आला, त्याचा हक्क नाकारला गेला, त्याला स्वतःच्या राजधानीबाहेर पाच वर्षे काढावी लागली, आणि जेव्हा हक्क सिद्ध झाला तेव्हा ज्याच्यावर हक्क सांगावयाचा ते राज्यच हातून निसटले. तरीही आज तंजावरचे नाव विद्वानांच्या जगात आदराने घेतले जाते, ते मुख्यतः या पुरुषामुळे. त्यांचे नाव सरफोजी महाराज (दुसरे).

पूर्वपीठिका : दोन बंधूंचा तंटा

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात मराठ्यांची गादी स्थापन झाली ती इ. स. १६७५ च्या सुमारास. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी ती स्थापिली. या गादीच्या आरंभीच वारशाचा तंटा उभा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. इ. स. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयास निघालेल्या शिवछत्रपतींनी आपल्या या सावत्र बंधूकडे पित्याच्या जहागिरीतील अर्धा वाटा मागितला. भेट झाली, बोलणी फिसकटली, व्यंकोजीराजे रात्रीतून निघून गेले. पुढे लढाईही जुंपली आणि व्यंकोजींचा पराभव झाला. विजयी बाजू मनात आणती तर तंजावर बुडविणे तिला अशक्य नव्हते. परंतु रघुनाथपंत हणमंते यांच्यासारख्या घरच्याच जुन्या मुत्सद्द्याने मध्यस्थी केली, तह ठरला, तंजावर व्यंकोजींकडे राहिले, आणि बंगळूर वगैरे प्रांत शिवरायांनी आपल्या भावजयीस, दीपाबाईंस, चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. तंटा घरात उत्पन्न झाला आणि घरातच मिटला. त्याची किंमत कोणा परक्यास मोजावी लागली नाही.

यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. तुकोजीराजांच्या मृत्यूनंतर (इ. स. १७३६) तंजावरास थोड्याच वर्षांत एकामागून एक राजे बसले आणि उठले. काटराजा नावाने ओळखला जाणारा एक तोतयाही या धामधुमीत पुढे करण्यात आला. अखेरीस इ. स. १७३९ मध्ये प्रतापसिंह गादीवर स्थिरावले. परंतु त्यांच्याविरुद्ध हक्क सांगणाऱ्या एका पदच्युत राजपुत्राने इंग्रजांचा आश्रय केला. इ. स. १७४९ मध्ये त्याचा कैवार घेऊन कंपनीची फौज तंजावरच्या राज्यात शिरली आणि तिने देवीकोट्टै हा समुद्रकाठचा किल्ला घेतला. याच मोहिमेत क्लाइव्ह नावाचा एक तरुण अधिकारी चमकला. किल्ला पदरात पडताच इंग्रजांनी प्रतापसिंहांशी समेट केला. किल्ला त्यांनी ठेवून घेतला, आणि ज्याच्या न्यायासाठी म्हणून तलवार उपसली त्या दावेदाराची किरकोळ नेमणुकीवर बोळवण केली. तंजावरच्या भूमीत कंपनीचे पहिले पाऊल पडले ते अशा रीतीने एका वादग्रस्त वारसाचा हात धरून. दोन बोक्यांच्या भांडणात लोण्याचा गोळा कोणी खाल्ला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. तंजावरकरांनी ती प्रत्यक्ष पाहिली. परंतु पाहूनही ते शिकले नाहीत.

दत्तकविधान आणि बारा पंडित

प्रतापसिंहांनंतर इ. स. १७६३ मध्ये त्यांचे पुत्र तुळजाजी गादीवर आले. राजा रसिक व विद्याव्यासंगी. परंतु काळ विपरीत. इ. स. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले व राजास कैद केले. विलायतेहून हुकूम येऊन इ. स. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, तेही इंग्रजी पलटणीचा खर्च शिरावर घेऊन. इ. स. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीत कावेरीचे कालवे फुटले, शेते ओस पडली, दुष्काळ पडला. त्यात तुळजाजींची स्वतःची मुलेबाळे एकापाठोपाठ एक निवर्तली. शरीर व्याधीने जर्जर झालेले, पोटी संतान नाही, अशा स्थितीत त्यांनी इ. स. १७८७ च्या जानेवारीत भोसले कुळाच्याच एका शाखेतील मुलगा दत्तक घेतला. मुलाचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. म्हणजे वयाचे दहावे वर्ष चालू होते. हेच सरफोजी.

तुळजाजींच्या दरबारी त्या वेळी श्वार्ट्झ नावाचा एक जर्मन पाद्री मोठ्या विश्वासातला होता. हा मनुष्य इ. स. १७५० मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुन्हा स्वदेशी गेला नाही. तमिळ तर त्याला येतच असे. शिवाय दरबारात बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. इंग्रजांनी त्याला एकदा हैदरअलीकडे वकील म्हणून पाठविले होते, आणि हैदरासारख्या संशयी पुरुषानेही त्याचा शब्द मानला होता. मृत्युशय्येवरील तुळजाजींनी मुलाला या पाद्र्याच्या हाती सोपविण्याची इच्छा दर्शविली. श्वार्ट्झने विचार केला की, आपण परके; आपण पालक झालो तर दरबारात तट पडतील. म्हणून त्याने राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांस पालक नेमावे असा सल्ला दिला, व राजाने तो मानला. सल्ला सद्हेतूचा होता. पण त्याची फळे त्या मुलास भोगावी लागली.

तुळजाजी त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून पालक म्हणून नेमलेल्या अमरसिंहांनी स्वतःच राज्यावर हक्क सांगितला. त्यांचा पक्ष अगदीच निराधार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते प्रतापसिंहांचे पुत्र, मृत राजाचे बंधू, वयाने प्रौढ. उलट बाजूस एक अजाण दत्तक मुलगा. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबॉल्ड कॅम्पबेल तंजावरास आले आणि त्यांनी बारा पंडितांची सभा बोलावून दत्तकविधानाची शास्त्रीयता विचारली. आक्षेप तीन होते. पहिला, राजाची बुद्धी आजारामुळे स्थिर नव्हती. दुसरा, मुलगा आपल्या जनक पित्याचा एकुलता एक पुत्र होता. तिसरा, त्याचे वय दत्तकाच्या वयापेक्षा अधिक होते. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविला आणि अमरसिंह गादीवर बसले.

या आक्षेपांचे स्वरूप थोडे पाहावयास हवे, कारण आपल्यापैकी अनेक घरांत दत्तकाचे प्रसंग घडलेले आहेत. एकुलता एक पुत्र देऊ नये, घेऊही नये, असे वसिष्ठाचे वचन आहे. वयाची मर्यादा ‘दत्तकमीमांसा’कारांनी कडक घातली आहे. परंतु आपल्याकडे प्रमाण मानल्या गेलेल्या ‘व्यवहारमयूखा’चा कर्ता नीलकंठभट्ट याबाबतीत उदार असून विवाहित पुरुषही दत्तक जाऊ शकतो असे त्याचे मत आहे. तात्पर्य, शास्त्रात दोन्ही बाजूंना आधार होता. कोणता आधार उचलावयाचा हे ज्याच्या हाती सत्ता त्याने ठरविले. पंडितांवर दडपण आले, द्रव्यही वाटले गेले, असा आरोप पुढे जाहीरपणे झाला.

कोंडलेला राजपुत्र

यानंतरची पाच-सहा वर्षे सरफोजींनी वाड्याच्या आत जवळजवळ बंदिवासात काढली. त्यांना शिकविण्याची व्यवस्था होईना. बाहेर फिरावयास, लोकांत मिसळावयास मिळेना. श्वार्ट्झला भेटीची परवानगी मिळाली तेव्हा मुलगा बंद खोलीत दिव्याच्या उजेडात बसलेला त्याने पाहिला. ज्या वयात राजपुत्राने घोड्यावर मांड ठोकावयास शिकावे त्या वयात या राजपुत्रास दिवसाचा प्रकाशही पुरेसा मिळत नव्हता. तुळजाजींच्या विधवा राण्याही याच जाचात होत्या.

आपल्या सल्ल्याचा हा परिणाम पाहून त्या वृद्ध पाद्र्यास पश्चात्ताप झाला. त्याने मद्रासेस पत्रांमागून पत्रे धाडिली. अखेर कंपनीने मुलाचे पालकत्व श्वार्ट्झकडे दिले, पहारा बसविला, आणि तरीही जिवाची शाश्वती वाटेना तेव्हा इ. स. १७९३ मध्ये सरफोजी व राण्या यांना मद्रासेस नेण्यात आले.

राजधानी सुटली, स्वजन सुटले. परंतु याच परवासात सरफोजींचे भाग्य उघडले असे म्हणावे लागते. श्वार्ट्झ व त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल, पाश्चात्त्य शास्त्रे यांची गोडी त्यांना येथेच लागली. दुसरा एखादा पदच्युत वारस अशा स्थितीत काय करिता? आश्रितांचा मेळावा जमवून गेलेल्या वैभवाची रड गात बसता. या मुलाने अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडल्यावर पुस्तक हाती घेतले, आणि ते जन्मभर खाली ठेविले नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुरू ख्रिस्ती धर्मोपदेशक, शिष्य निराधार व उपकृत. तरी सरफोजींनी स्वधर्म सोडला नाही, आणि उपकारही विसरले नाहीत. पुढे राजा झाल्यावर त्यांनी फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून ते तंजावरच्या ख्रिस्ती मंदिरात बसविले. त्यात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा हात धरून राजा उभा आहे. गुरूच्या समाधीसाठी इंग्रजी पद्यही त्यांनी स्वतः रचिले. आपल्या निष्ठेवर स्थिर राहून दुसऱ्याच्या निष्ठेपुढे नतमस्तक होणारे असे मन विरळाच आढळते.

गादी मिळाली, राज्य गेले

इकडे दत्तकाचा वाद पुन्हा उपस्थित झाला. राण्यांनी व सरफोजींनी अर्ज केले, श्वार्ट्झने त्यांना दुजोरा दिला. शास्त्रार्थ पुन्हा काढण्यात आला. बंगाल व काशी येथील पंडितांची मते मागविण्यात आली आणि ती सरफोजींना अनुकूल आली. इ. स. १७८७ मध्ये ज्या दत्तकास शास्त्राचा आधार नव्हता, त्यालाच दहा वर्षांनी आधार सापडला! मधल्या काळात शास्त्र बदलले नव्हते. बदलले होते ते इतकेच की, अमरसिंहांचा कारभार कंपनीला गैरसोयीचा होऊ लागला होता व त्यांच्याकडील देण्याची थकबाकी वाढत होती. सरफोजींची बाजू न्याय्य होती असेच या लेखकाचे मत आहे. परंतु न्याय मिळाला तो न्यायाच्या बळाने मिळाला, असे मात्र म्हणता येत नाही.

इ. स. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झचा अंत झाला. शिष्याचा राज्याभिषेक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. वय एकवीसही पुरे नव्हते. आणि अवघ्या सोळा महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, लॉर्ड वेलस्ली यांच्या कारकीर्दीत त्यांच्याशी तह करण्यात आला. त्या तहान्वये तंजावर प्रांताचा सारा मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तो किल्ला व त्याच्या आसपासचा अल्प मुलूख. वार्षिक एक लक्ष ‘स्टार पॅगोडा’ व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ही त्यांची नेमणूक ठरली. अमरसिंहांना पंचवीस हजार पॅगोडांची नेमणूक मिळाली. ते मध्यार्जुन क्षेत्री, म्हणजे तिरुविडैमरुदूर येथे, जाऊन राहिले व इ. स. १८०२ मध्ये वारले.

वाचकांनी क्षणभर थांबून या हिशेबाकडे पाहावे. चुलता आणि पुतण्या राज्यासाठी भांडले. दोघांनीही एकाच परक्या न्यायाधीशाचे दार ठोठावले. त्याने आधी एकाला राज्य दिले, मग दुसऱ्याला दिले, आणि शेवटी ते स्वतःच घेतले. जिंकलेला व हरलेला, दोघेही अखेर एकाच तिजोरीतून नेमणूक घेऊ लागले. फरक उरला तो आकड्यांचा. इ. स. १६७७ मध्ये रघुनाथपंतांच्या मध्यस्थीने जे राज्य वाचले, ते सव्वाशे वर्षांनी घरात कोणी रघुनाथपंत उरला नाही म्हणून गेले.

राज्याविना राजा

बाविसाव्या वर्षी सरफोजींच्या हाती किल्ला, वाडा व नेमणूक एवढेच राहिले. येथून पुढची तेहतीस वर्षे त्यांनी जे केले त्यातच या चरित्राचे खरे महत्त्व आहे.

कारभार जाताच पहिला प्रश्न उभा राहिला तो छत्रांचा. रामेश्वराच्या मार्गावर तंजावरच्या राजघराण्याने अन्नछत्रे बांधली होती. त्यांचे उत्पन्न कंपनीच्या हाती जाणार असे दिसताच सरफोजींनी इ. स. १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यांना एक कळकळीचे पत्र लिहिले. या छत्रांतून ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत सर्वांना अन्न मिळते, आजारी वाटसरूंना वैद्य व औषध मिळते, अनाथ मुलांचा सांभाळ होऊन त्यांना शिक्षण दिले जाते, गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाते, आणि वाटेत मरण पावलेल्याचा अंत्यविधीही होतो, असे त्यांनी त्यात सविस्तर सांगितले आहे. राज्य घेतले, पण हे घेऊ नका, असा त्या पत्राचा आशय. पुढील साली, इ. स. १८०२ मध्ये, ओरत्तनाडू येथे त्यांनी ‘मुक्तांबाळ छत्र’ हे नवे छत्र उभारले. तेथे अन्नदानाबरोबर विद्यादानाचीही सोय केली.

सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह मूळचा नायक राजांच्या वेळचा. भोसले राजांनी तो वाढविला होता. सरफोजींनी त्याला आजचे रूप दिले. इ. स. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली, तेव्हा ठिकठिकाणचे पंडित गाठून ग्रंथांच्या नकला करविल्या व पोथ्यांच्या राशी घेऊन ते परतले. लोक काशीहून गंगाजल आणतात. यांनी गंगाजलाबरोबर ग्रंथही आणले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबरच इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांतील सुमारे साडेचार हजार छापील पुस्तके त्यांनी जमविली. मराठी हस्तलिखितांची संख्याच तीन हजारांच्या घरात आहे. समर्थ संप्रदायाच्या व इतर संतकवींच्या वाङ्मयाचा शोध घेणाऱ्या आपल्या संशोधकांना तंजावरची वाट धरावी लागली, ती याच कारणाने.

‘नवविद्याकलानिधी’ या नावाचा देवनागरी छापखाना त्यांनी इ. स. १८०५ मध्ये काढला. तेथून इ. स. १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावळी’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर बाहेर पडले. काळाचा मेळ पाहिला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. बंगालमध्ये श्रीरामपुरास केरीसाहेबांनी आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले ते इ. स. १८०५ मध्ये. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी पहिली मराठी पुस्तिका छापली ती इ. स. १८१७ मध्ये. पुण्यात पेशवाई अजून नांदत असताना मराठी मुलांच्या हाती छापील गोष्टींचे पुस्तक द्यावे असे कावेरीच्या काठी बसलेल्या एका राज्यहीन राजास सुचले होते.

‘देवेंद्र कोरवंजी’ या नावाचे एक मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री. दक्षिणेत या सोंगाची परंपरा जुनी. परंतु सरफोजींची कोरवंजी नायिकेस हात पाहून भविष्य सांगण्याऐवजी पृथ्वीचा भूगोल सांगते! लोकांच्या ओळखीच्या खेळातून नवी विद्या लोकांपर्यंत पोचविण्याची ही युक्ती आजच्या शिक्षकांनीही विचारात घ्यावी अशी आहे. ‘धन्वंतरि महाल’ नामक संस्थेत त्यांनी आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा वैद्यकांच्या जाणकारांना एकत्र आणले. नेत्ररोगांवरील उपचारांची, रोग्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेविलेली टिपणे आजही सरस्वती महालात पाहावयास मिळतात. इ. स. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लिनीयस, बुफाँ, लाव्हाझिए यांच्यासारख्या शास्त्रज्ञांविषयी हा राजा अस्खलितपणे बोलतो हे पाहून ते थक्क झाले व तसे त्यांनी लिहून ठेविले.

येथे एक उणीव सांगणेही प्राप्त आहे. नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या यशाच्या स्मरणार्थ सरफोजींनी समुद्रकाठी ‘मनोरा’ नावाची आठ मजली इमारत बांधिली. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या विजयाचा हा उत्सव आज आपल्या मनाला बोचतो. ज्याची गादीच दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे, त्याला निष्ठेचे प्रदर्शन करावे लागते. वादग्रस्त हक्काची ही एक कायमची किंमत असते. त्यांच्या गुणांबरोबर ही मर्यादाही आपण पाहिली पाहिजे.

दगडावर कोरलेली वंशावळ

तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर सर्वांना ऐकून ठाऊक आहे. चोळ सम्राट राजराजाने ते बांधले. त्या मंदिराच्या प्राकारात शके १७२५ मध्ये, म्हणजे डिसेंबर १८०३ मध्ये, सरफोजींनी एक मराठी शिलालेख कोरविला. त्यात भोसले कुळाचा इतिहास पूर्वजांपासून थेट त्यांच्यापर्यंत सांगितला आहे. मराठी भाषेतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

इतिहाससंशोधक या लेखातील तपशील कसोटीला लावतात, काही ग्राह्य धरतात, काही सोडून देतात. परंतु तो कोरविणाऱ्याच्या मनाची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे त्या अक्षरांना निराळाच अर्थ येतो. ज्याला भर सभेत ‘तू या घराण्याचा नव्हेस’ असे ठरवून बाजूस सारले होते, त्याने राज्याभिषेकानंतर पाच वर्षांनी आणि राज्य गेल्यानंतर चार वर्षांनी आपली वंशावळ दगडावर लिहून ठेविली. तीही परमुलखात, एका परभाषिक राजाच्या देवळात, आणि आपल्या मायबोलीत. तह कागदावर होते. कागद इंग्रजांच्या दप्तरी होते. दगड मात्र देवाच्या दारी होता, आणि तो कोणास जप्त करता येत नव्हता.

उपसंहार

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराज कैलासवासी झाले. त्यांचे पुत्र शिवाजी हे इ. स. १८५५ मध्ये निपुत्रिक, केवळ दोन कन्या मागे ठेवून, वारले. कन्येच्या नावे गादी चालवावी ही मागणी कंपनीने फेटाळली व तंजावरचे नामधारी राज्यही संपविले. वाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आली. विधवा राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. प्रकरण विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत पोचले. तेथे इ. स. १८५९ मध्ये निर्णय झाला की, ही जप्ती हे सरकारचे राजकीय कृत्य असल्याने कोणत्याही न्यायालयास त्यात हात घालता येत नाही. ज्या सत्तेपुढे या घराण्याने आपला तंटा न्यायासाठी नेला होता, तिच्याविरुद्ध दाद मागावयास न्यायालयच उरले नव्हते! पुढे इ. स. १८६२ मध्ये ही मालमत्ता घराण्यास परत देण्यात आली; पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

आणि ग्रंथ? ते राहिले. इ. स. १९१८ मध्ये सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झाला. ज्या सरफोजींचा वारसाहक्क बारा पंडितांनी नाकारला, त्यांचे वारस आज भोसले कुळापुरते राहिलेले नाहीत. तेथे जाऊन एखादी जुनी पोथी उघडणारा प्रत्येक अभ्यासक, मग तो कोणत्याही जातीचा वा भाषेचा असो, त्यांचा वारस ठरतो. आणि या वारशासाठी कोणास भांडावे लागत नाही, कारण तो वाटल्याने कमी होत नाही.

या चरित्रातून दोन गोष्टी घरी न्याव्यात अशी नम्र विनंती आहे. पहिली ही की, घरातील तंटा शक्य तोवर घरातील वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने मिटवावा. ‘रघुनाथपंत’ होण्याचे काम ज्ञातिसंस्थेने आनंदाने पत्करावे. दुसरी अशी की, आपल्या माळ्यावर, कोनाड्यात, जुन्या पेट्यांतून जे मोडी कागद कसरीने खाल्ले जात आहेत, ते रद्दीत जाण्यापूर्वी जाणकाराच्या नजरेखालून घालावेत. एका राजाने राज्य गेल्यावर कागद जपले, म्हणून त्याचे नाव राहिले. आपल्यापाशी राज्य नाही. पण कागद आहेत, आणि शिकणारी मुले आहेत. ती दोन्ही जपणे आपल्या हाती आहे.